गंगीचं पातळ दही

विरुपाक्ष आणि रत्नम्माचं लग्न एका गाईनं जमवलं. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरू. कारण चौऱ्याहत्तर सालच्या त्या सकाळी दुधनीत लग्नाचा विषयच नव्हता. विषय दुधाचा होता.

विरुपाक्ष सोलापूरच्या प्रयोगशाळेतून दुधाचे नमुने घ्यायला आला होता. दुधनी या नावावर त्यानं विनोद केला नाही. एसटीच्या कंडक्टरनं तो आधीच केला होता. निंगप्पांच्या गोठ्यात वाकून त्यानं विचारलं, "हिची आई कोण?"

"आधी तुमची कोण, ते सांगा की," मागून आवाज आला.

तो वळला. निंगप्पांची मुलगी रत्नम्मा उभी होती. हातात चरवी, कपाळावर घाम, आणि डोळे... त्यानं घाईनं पुन्हा गाईकडे पाहिलं. तिच्याकडे बघणं सोपं होतं.

"दुधातलं केसीन... म्हणजे प्रथिन, गाईला आईबापाकडून कसं येतं, ते बघतोय."

"ही गंगी. आई ती पलीकडली. बापाचं आमी विचारलं न्हाय." मग चरवी खाली ठेवून, "माझ्या हाताचा गुण बी तपासता का?"

गोष्ट अशी होती, की रत्नम्माला बघायला आलेल्या मोहोळच्या पाहुण्यांच्या ताटात तिचं दही भातावरून थेट लोणच्याला जाऊन मिळालं होतं. 'पोरीच्या हाताला गुण न्हाय' म्हणून पाहुणे उठले. तेव्हापासून निंगप्पा घरात दही मागतानासुद्धा आवाज खाली आणत.

विरुपाक्षनं दूध सोलापूरला नेलं. जेलीच्या थरात दूध ठेवून वीज सोडली, की प्रथिनं आपापल्या वेगानं पळतात; रंग दिला, की निळे पट्टे उमटतात. गंगीचा पट्टा आणि तिच्या आईचा पट्टा एकाच जागी होता. शेजारच्या केराबाईच्या गाईचा भलतीकडे. ते बघून तो इतका हसला, की साहेबांनी पंखा लावायला सांगितला.

"दही घट्ट धरणारा प्रथिनाचा प्रकार गंगीच्या घराण्यातच नाही," त्यानं दुधनीला येऊन सांगितलं. "तुमचा हात निर्दोष आहे."

रत्नम्मा आत जाऊन एक वाटी घेऊन आली. "केराबाईच्या गाईचं दूध, विरजण माझ्या हातचं. डोकं पुढं करा."

"कशाला?"

"इश्वास हाय का न्हाय तुमच्या इद्येवर?"

त्यानं डोकं पुढं केलं. तिनं त्यावर वाटी पालथी धरली. दही हललं नाही. हलला तो विरुपाक्ष.

"लई उपकार झाले तुमचे," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि वाटी अजून त्याच्या डोक्यावरच होती.

पण चांगली बातमी मोहोळपर्यंत गेली. हात निर्दोष निघाल्यावर पाहुणे परत आले, आणि पुरावा म्हणून निंगप्पांनी विरुपाक्षलाच बोलावलं. आपण स्वतःच्या पायावर निळा पट्टा मारून घेतला, हे त्याला तेव्हा कळलं.

रत्नम्मानं पानं वाढली. दही वाढलं. दही भातावरून निघालं आणि ओळखीच्या वाटेनं लोणच्याकडे गेलं.

"हे काय?" मोहोळच्या मुलाचे वडील श्रीमंतअण्णा गरजले. "हात चांगला म्हणत होता की!"

"हात चांगलाच हाय, मामा. दूध गंगीचं हाय. मी जाईन तितं गंगी येणार. हे दही जल्मभर चालंल का?"

"आमाला न्हाय चालायचं!"

"अय्यो... मग कुणाला चालंल?" तिनं विचारलं निंगप्पांना, बघितलं मात्र दुसरीकडेच.

विरुपाक्षनं पानाशेजारची दह्याची वाटी उचलली. दही खायचं असतं, हे विसरून ते घटाघटा प्यायला. मिशीला पांढरी कड आली.

"मला... चालेल," तो म्हणाला. "जन्मभर."

निंगप्पा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं ओरडले, "रत्ना, दही आण!"

लग्नानंतर दोघांनी मिळून एक अर्ज पाठवला:

"मा. पशुसंवर्धन अधिकारी, सोलापूर, यांस. विषय: गंगी गाईचे आभार. महोदय, वरील गाय संकराच्या सर्व योजनांतून वगळावी आणि तिच्या पुढच्या समस्त पिढ्यांचे दही शासकीय खर्चाने कायमचे पातळ राखावे, ही नम्र विनंती."