कौलांवरची दाढ

धम्मपाल मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचा डावा गाल सुजलेला होता आणि माझा उजवा. महाडच्या दाताच्या दवाखान्यात, एकाच बाकावर, तोंडात कापसाचे बोळे दाबून आम्ही बसलो होतो. दोघांचीही अक्कलदाढ नुकतीच काढली होती. "तासभर बोलायचं नाही," असं बजावून डॉक्टर आत गेले. आणि मी, आम्रपाली, पोलादपूरच्या शाळेतली बडबडी बाई, कधी नव्हे ती गप्प.

त्याने फाईलच्या पाठीवर लिहून माझ्यापुढे धरलं, 'दुखतंय?'

मी त्याचंच पेन ओढून घेतलं. 'छे. नाचावंसं वाटतंय.'

तो हसला आणि लगेच गाल धरून कळवळला. तिथेच मला तो आवडला, खोटं कशाला बोलू.

मग त्याने नर्सबाईंकडे खुणेने आपली दाढ मागितली. मी भुवया उंचावल्या तशी ओशाळून लिहिलं, 'आई ऐकत नाय. पडलेला दात आपल्याच कौलांवर टाकायचा म्हणते. दुधाचा असो नायतर अकलेचा.' मीही गमतीने माझी मागून घेतली. बाईंनी दोन कागदी पुड्या टेबलावर ठेवल्या. एक मी उचलली. त्याला वरंधची एसटी गाठायची होती, दुसरी खिशात टाकून तो पळाला. ना नंबर, ना पत्ता…

घरी आईने पुडी हातात घेतली. "हा धम्मपाल कोण गो?"

"अदलाबदल झाली वाटतं," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मुंबईची मंडळी मला बघायला येणार होती. मुलगा चांगला होता, नाही म्हणायला कारण नव्हतं. दोघांचेही टाके काढायचे होते आदल्या दिवशी, शनिवारी. मी मनाशी ठरवलं, तो आला तर घरी सरळ नकार सांगायचा. नाही आला, तर मुकाट्याने पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायचं.

शनिवारी बाक रिकामा होता. मी मुद्दाम दोन पेशंट पुढे सोडले, तरी तो आला नाही. टाके निघाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरांना वाटलं, दुखलं.

जिना उतरले आणि खाली तो उभा. घामाघूम.

"रस्त्यात झाड पडलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तुमची दाढ…"

"तुमची माझ्याकडे आहे. ही घ्या. माझी द्या."

"ती नाय मिळायची. आईने न वाचताच कौलांवर टाकली."

"आता हो?"

"आता…" तो चपलेकडे बघत राहिला. "थोड्या तुम्ही आमच्या घरी आलायतच. उरलेल्या कधी येताय?"

मी त्याची पुडी पुन्हा पर्समध्ये ठेवली. "विचार करते," म्हटलं. चवदार तळ्यापर्यंत चालत गेलो तोवर विचार करून झालाही होता.

त्याला आता सहा वर्षं झाली. आज वरंधला आमच्या घराची कौलं उतरताहेत, वर स्लॅब पडणार आहे. सासूबाई, येसूबाई त्यांचं नाव, सकाळपासून एकेक कौल झटकून बघताहेत. "सूनबाईची दाढ हाय रे कुठंतरी, सांभाळून," असं गवंड्याला सांगताहेत. ती दाढ माझ्याआधी या घरात आली होती.

धम्मपाल शिडीवर चढला होता. "त्या नर्सबाईंचे उपकार," तो वरूनच म्हणाला. "पुड्या बदलल्या नसत्या तर आज कुठं असतो आपण?"

सहा वर्षं पोटात ठेवलेलं मग सांगूनच टाकलं.

"त्यांनी नाही बदलल्या. नावं चांगली ठळक लिहिली होती, आणि मला वाचता येतं."

तो शिडीवर तसाच थांबला. मग हसायला लागला आणि हसता हसता त्याने डावा गाल धरला.