लाल मुठीची खीळ

लॉर्नानं बोटीसकट ट्रेलर आणला तेव्हा क्लेम हार्टनप आपल्या दुरुस्तीच्या शेडच्या दारात बसून चहा पीत होता. सकाळचे दहा वाजले असतील. गॅनेट बेच्या खाडीवर जानेवारीचं, इथल्या भर उन्हाळ्याचं कडक ऊन होतं आणि खाली धक्क्यावर पेलिकन पक्षी मासे साफ करायच्या ओट्याभोवती रोजच्यासारखे भांडत होते.

"पोलिसांनी काल सोडला," गाडीतून उतरत लॉर्ना म्हणाली. ती क्लेमची धाकटी बहीण. दोन महिन्यांत निम्मी झाली होती. "तू बघ आता. त्यांना काय कळतंय ट्रेलरच्या ब्रेकमधलं? दोष आढळला नाही म्हणे. कागदावर लिहिलं आणि झाले मोकळे!"

"त्यांची माणसं शिकलेली असतात गं."

"आणि तू चाळीस वर्षं इथं काय माशा मारल्यास?" ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. "दोष शोध रे, क्लेम. मला दोष हवाय."

दोष का हवा होता, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. नोव्हेंबरात एका सकाळी तिचा नवरा रॉस बोट घेऊन धक्क्याच्या उतारावर निघाला. तळाच्या वळणावर तो थांबला नाही. कठडा तोडून गाडी, ट्रेलर, बोट, सगळं पाण्यात गेलं. रॉस सापडला तो सीटवरच, पट्टा लावलेला. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. पट्टा लावल्याशिवाय तो कुणाला शेजारी बसू देत नसे. पण निवृत्तीनंतर जरा गप्प गप्प झाला होता, आणि गावाला तेवढं पुरलं. बुडताना पट्टासुद्धा काढला नाही बघा, लोक म्हणाले. म्हणजे मुद्दामच.

लॉर्ना रात्रंदिवस तेच घेऊन बसली होती. आपला माणूस ब्रेकनं नेला, की आपल्याला टाकून आपल्या पायानं गेला?

क्लेमला उत्तर माहीत होतं.

या ट्रेलरांचा ब्रेक साधा असतो. पुढची गाडी थांबायला लागली की मागून बोटीचं वजन ढकलतं, गाडी-ट्रेलरच्या जोडाचा दांडा आत सरकतो, तेल दाबलं जातं आणि चाकं धरली जातात. गाडी मागे घेतानाही तसंच ढकललं जातं, म्हणून तेवढ्यापुरती दांड्याच्या भोकात एक खीळ घालायची, म्हणजे दांडा सरकत नाही, आणि पुढे निघताना ती आठवणीनं काढायची, नाहीतर ब्रेक लागतच नाही. क्लेमची खीळ म्हणजे लाल मुठीचा एक जुना स्क्रूड्रायव्हर, अर्धा कापलेला. दाराजवळच्या हुकावर तो टांगलेला असे. त्या सकाळी रॉसचा ट्रेलर क्लेमनंच खीळ घालून शेडमधून मागे काढून दिला होता. मग मासे कुठं लागतायत यावर दोघांच्या गप्पा झाल्या आणि रॉस गेला. पाच मिनिटांनी क्लेमची नजर हुकावर गेली. हूक रिकामा होता.

धक्क्यावर पहिला तोच पोचला. कमरेइतक्या पाण्यात जोड वर आलेला होता आणि भोकात लाल मूठ दिसत होती. रॉस तेव्हा संपला होता, हे क्लेमनं स्वतःला हजारदा सांगितलं होतं. त्यानं खीळ उपसली आणि जीव खाऊन खोल पाण्यात भिरकावली. मग तो ओरडायला लागला.

आता बहीण दोष मागत होती आणि खरा दोष सांगायची त्याची छाती नव्हती. एकच बहीण होती त्याला. सगळी चाचणी करून झाली. ब्रेक नव्यासारखा होता. तेव्हा त्यानं ठरवलं, दोष आपणच तयार करायचा. तेलाची नळी गंजून फुटली म्हणायचं. रॉस सुटेल, लॉर्ना सुटेल, आपणही सुटू. त्यानं नळी कानशीनं घासली, भोक पाडलं. काळपट तेल भसकन फरशीवर सांडलं. टाकी कोरडी झाली.

खात्री करायची म्हणून त्यानं चाक जॅकवर उचललं, गरगर फिरवलं आणि दांडा आत ढकलला.

चाक जागच्या जागी थांबलं.

त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबलं. ब्रेक खरखरला नाही, कसलाही आवाज आला नाही. कुणीतरी तळहात ठेवून धरावं तसं धरलं गेलं.

"च्यायला," क्लेम पुटपुटला. नळीत थेंबभर तेल राहिलं असेल म्हणून त्यानं नळीच काढून बाकावर ठेवली. चाक तरीही थांबलं.

शुक्रवारी त्यानं शेड उघडली तेव्हा समुद्राचा वास आला. तो ट्रेलरच्या पुढे गेला आणि उभाच राहिला.

जोडाच्या भोकात खीळ होती. लाल मूठ, अर्धी कापलेली. ओली होती, आणि मुठीखाली फरशीवर पाण्याचं छोटं तळं झालं होतं.

अकरा वाजता लॉर्नाचा फोन आला. "सापडलं काही?"

"नळी फुटलीय," क्लेम म्हणाला.

पलीकडे ती रडायला लागली. "मला दाखव. उतारावर घेऊन ये. ट्रेलर कसा ढकलतो ते मला डोळ्यांनी बघू दे."

"वेडी आहेस का तू? जीव जाईल माझा."

"हळू ये. पण ये. त्याशिवाय मला झोप लागायची नाही रे."

तो तयार झाला. वळणावर गेलोच पाण्यात तर गेलो, असंही त्याच्या मनात आलं, आणि त्यात त्याला भीती वाटली नाही. भोकातल्या खिळीला त्यानं हात लावला नाही. तेल नाही, नळी नाही, वर दांड्याला खीळ. ब्रेक लागायची काही म्हणजे काही शक्यता नव्हती. त्यानं आपली गाडी जोडली आणि निघाला.

लॉर्ना खाली नव्या कठड्याजवळ उभी होती, हात छातीशी धरून.

उतार सुरू झाला. खडीवर चाकं कुरकुरली. दोन टनांची बोट मागून रेटू लागेल म्हणून क्लेमनं मान आखडून धरली. वळण जवळ आलं तसं त्यानं ब्रेकवर हलकेच पाय ठेवला.

मागून धक्का आला नाही.

ट्रेलर अलगद थबकला. मुलं भरलेली बस थांब्यावर थांबावी, इतका अलगद.

त्यानं पाय काढला. पुढे सरकला. जरा वेग घेतला आणि पायाखालचा ब्रेक गच्च दाबला. तरी तसंच. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर शांत उभी राहिली.

तो उतरला. लॉर्ना ट्रेलरच्या चाकांकडे बघत होती.

"चांगला आहे की ब्रेक," ती म्हणाली.

"लॉर्ना, ऐक—"

"तू माझ्यासाठी खोटं बोललास ना? नळीचं?"

आता सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं.

"हो," तो म्हणाला. "तुझ्यासाठी."

तिनं त्याच्या दंडावर थोपटलं. "चांगला आहेस तू. पण आता नको." मग पाण्याकडे बघत, हवेबद्दल बोलावं तसं ती म्हणाली, "म्हणजे आपणहूनच गेला तो." बोटातली अंगठी काढून तिनं पर्समध्ये टाकली आणि चढ चढू लागली. एकदाही मागे वळली नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर क्लेमनं जोडाकडे पाहिलं.

भोक रिकामं होतं.

तो गाडीकडे आला. दार उघडलं.

शेजारची सीट ओलीचिंब होती. तिच्यावर ती लाल मुठीची खीळ होती, आणि सीटचा पट्टा नीट लावलेला होता.