काकाजींच्या हातातल्या अक्षता

ईश्वरदासांना आपल्या जिभेची भीती वाटायची, आणि ती रास्तच होती. लेकीचं, धनश्रीचं, लग्न मागे एकदा सुपारीपर्यंत आलं होतं. पण ऐन बैठकीत मुलाच्या मामांचा केसांचा टोप पंख्याच्या वाऱ्याने सरकला आणि हे खदखदून हसले. मामा उठले, मामांमागे सगळे पाहुणे उठले. धंतोलीच्या दवाखान्यात नोकरी करणारी हसरी पोर त्या दिवसापासून बापाशी तोलूनमापून बोलू लागली. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. म्हणून उमरेडच्या रजतचं स्थळ आलं तेव्हा ते मारुतीला रोडग्यांचा नवस बोलले आणि मनाशी गाठ मारली: मुलाकडचा माणूस कसाही असो, आपण फक्त हात जोडायचे.

नवस फेडायला आणि सुपारी फोडायला एकच रविवार धरला. पाचपावलीहून यांची गाडी निघाली, उमरेडहून व्याही मधुकररावांची. खापा मागे पडलं, शेतं संपली आणि डोंगराच्या पायथ्याशी, सागाच्या रानातल्या मारुतीपाशी गोवऱ्या पेटल्या.

ईश्वरदासांच्या बायकोचं, अनुसयाबाईंचं, माहेर खाप्याचं. आरातले, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतले, कणकेचे रोडगे उलटता उलटता त्यांनी विहीणबाईंना, म्हणजे चारुशीलाबाईंना, डोंगरातल्या रानमाणसांची गोष्ट सांगायला घेतली. कुठल्याशा जुन्या दुष्काळात काही घरं वर चढली, ती उतरलीच नाहीत. अंगावरचे कपडे गळून गेले, बोलणं विसरलं. सरपणाला गेलेल्या बायांना पाठीशी श्वास ऐकू येतो, ओल्या केसांचा वास येतो. वळून पाहावं तर नुसती पानं हलत असतात. चारुशीलाबाई आराजवळ सरकल्या आणि ती माणसं गावात येत नाहीत का, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"बोलावल्याबिगर नाही येत," अनुसयाबाई म्हणाल्या. "मानपानाचे लई पक्के असतात ते."

ईश्वरदासांनी बायकोकडे डोळे वटारले. सोयरिकीच्या दिवशी असल्या गोष्टी!

ऊन कलू लागलं तशी पंगत बसली. वारा पडला होता. मघापासून कलकलणारी पाखरं एकाएकी गप्प झाली. ईश्वरदास तूप वाढत वाढत शेवटाला गेले तर तिथे मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा बसलेला. कमरेला पोत्यासारखं काहीतरी, केस मांडीपर्यंत, नखं पिवळी आणि वाकडी. ओल्या केसांचा वास आला. म्हाताऱ्याने आरात उघडा हात घातला, रोडगा काढला आणि राखेसकट चावला. हात भाजल्याचं त्याच्या तोंडावर कुठेच दिसलं नाही.

ईश्वरदासांची जीभ वळवळली. पण लगेच टोप आठवला. प्रत्येक घरात एखादा असा वल्ली असतोच, त्यांनी स्वतःला समजावलं, आणि रोडगा फोडून वाटीभर तूप ओतलं. एवढ्यात मधुकरराव वांग्याची भाजी घेऊन आले आणि त्यांनी म्हाताऱ्याचे पाय धरले. मग तर शंकाच उरली नाही. व्याह्यांचे थोरले काका असणार.

सुपारी फुटली. दोघी विहिणी आरापाशी भांडी आवरत होत्या. ईश्वरदासांनी सोबत एक दुपट्टा आणला होता, वडिलांनी मागावर विणलेला शेवटचा, मुलाकडच्या सर्वांत थोर माणसासाठी जपून ठेवलेला. तो त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर घातला, कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या.

"काकाजी, लग्नाले नक्की या. घरच्या सगळ्यायले घेऊन या."

म्हाताऱ्याने मूठ मिटली. ती नाकाशी नेऊन कितीतरी वेळ हुंगली.

परतताना खाप्याला चहासाठी गाड्या थांबल्या. मंडळी टपरीत बसली आणि ईश्वरदास मधुकररावांना बाजूला घेऊन काळजीने म्हणाले, "काकाजी दिसून नाही राहिले. तुमच्या गाडीत नाही बसले का?"

"आमच्या गाडीत काहून बसतीन?" मधुकरराव म्हणाले. "तुमचे मोठे भाऊ ना ते?"

दोघांनीही वळून डोंगराकडे पाहिलं. अपशकुन म्हणून बायका लग्न मोडतील, तेव्हा हे आपल्या दोघांतच राहू द्यावं, असं मधुकररावांचं मत पडलं. ईश्वरदासांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या गोष्टीवर तोंड मिटलं.

फाल्गुनात लग्न थाटात झालं. दिवसभर ईश्वरदास दाराकडे बघत होते. कोणी आलं नाही. फक्त संध्याकाळी आचारी कुरकुरत आला. मागच्या अंगणातल्या शेवटच्या पंगतीचे पाहुणे कोणाकडचे, त्याला विचारायचं होतं. एक शब्द बोलले नाहीत म्हणे. आणि पंगत उठल्यावर पत्रावळ्या गोळा करायला गेला तर त्याला एकही धड सापडली नाही, नुसत्या काड्या उरल्या होत्या. सगळ्या खाल्लेल्या.

धनश्री सासरी गेली आणि चार-सहा दिवसांनी सकाळी उंबऱ्यावर पळसाचं पान दिसलं. पानात रानातलं कसलंसं बारीक धान्य, पळसफुलांच्या पाण्यात पिवळं केलेलं.

"अक्षत आहे ही," अनुसयाबाई वाकून म्हणाल्या. "कोणाकडचं लग्न आहे जी?"

ईश्वरदास उत्तर शोधत होते तेवढ्यात फोन वाजला. धनश्री होती. किती दिवसांनी पोर अशी मोकळी बोलत होती! ऐकूनच त्यांचा जीव भरून आला. तिच्या सासरच्या दारातही तसंच पान होतं. आणि काकाजी तिला न्यायला आले होते, डोंगरातल्या लग्नाला.

"सुपारीले तुम्हीच घातलेला आजोबाचा दुपट्टा आहे खांद्यावर, म्हणून ओळखले. आई म्हणून राहिल्या, तुझ्या माहेरचं मोठं माणूस आहे, नाही म्हणू नको. इकडचे बाबा घरी नाहीत, कळमन्याले बाजारात गेले. मी निघू ना?"

त्या 'आई' म्हणजे चारुशीलाबाई. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. ईश्वरदासांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. जी जीभ नको तिथे सुटायची, ती आता टाळूला चिकटून बसली. पलीकडे कोणीतरी कढत चहा फुंकर न मारता ओढत होतं. एक जण नव्हता. बरेच होते.

"धनू… थांब…" कसाबसा आवाज फुटला.

"घाबरू नका बाबा, एकटी नाही जाऊन राहिली," धनश्री हसत म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना त्यायले… सगळ्यायले घेऊन आले ते."