उजवा हातही शांत

वैजयंती चौगुलेने तिसऱ्यांदा आकडे पडताळले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आकडे काही वठणीवर येत नव्हते.

प्रयोग तसा सरळ होता. जखम झाली की शरीर दाहसंदेशक प्रथिनं सोडतं, त्यातून लाली, सूज आणि ठणका. तिने घडवलेलं दाहशामक विकर, म्हणजे एन्झाइम, या प्रथिनांचेच तुकडे करत असे. स्वयंसेवक मिळेनात, म्हणून तिने नात्यागोत्यातली बावीस माणसं गोळा केली होती. प्रत्येकाच्या दोन्ही हातांवर सारखाच ओरखडा. डाव्यावर विकराचा लेप, उजव्यावर साधा, तीन आठवडे रोज. आता डावा हात शांत होता आणि उजवाही तितकाच शांत. औषध चालतं म्हणावं, तर फरक नाही. चालत नाही म्हणावं, तर उजव्या हाताला सुजायला काय झालं होतं? संध्याकाळी संशोधन समितीला सांगायचं काय, या विचाराने ती पार चक्रावली होती.

"डब्यांची अदलाबदल झाली असेल," तिचे मार्गदर्शक हर्डीकर सर म्हणाले.

"दोनदा तपासल्या, सर."

सरांनी मनगट कराकरा खाजवलं. प्रयोगशाळेत डास फार, त्यांच्या हातावर गांधी उठल्या होत्या. वैजयंतीचं लक्ष स्वतःच्या उजव्या मनगटाकडे गेलं. डास तिलाही चावले होते, पण तिथे नुसते चार ठिपके होते. यादीतली पहिली स्वयंसेवक तीच होती.

"सर, मी लेप डाव्या हाताला लावते. मग इथे गांध का नाही?"

सरांनी तिचं मनगट दिव्याखाली धरून पाहिलं. "म्हणजे विकर रक्तात उतरतंय. अंगभर फिरतंय. अगं, एकाच माणसाचे दोन हात वेगळे धरलेस, तिथेच फसलीस."

तिला हसू फुटलं. औषध चालत होतं! मग ते हसू अर्ध्यावरच विरलं.

"सर, उद्या कुणाच्या अंगात जंतू शिरले तर त्याला कळणार कसं?"

"नाहीच कळणार," सर सावकाश म्हणाले. "चोर आला की घर बोंब मारतं. आपण बोंब बंद केली, चोर नाही."

ती यादी घेऊन फोन लावत सुटली. मावशी मजेत होती. मेव्हणे मजेत होते. प्रत्येक 'मजेत' ऐकून ती त्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढत होती. सातवा फोन धाकट्या भावाला, बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकणाऱ्या सयाजीला.

"कसा आहेस रे?"

"एकदम झकास, ताई. गेल्या आठवड्यात फळीचा खिळा पायात घुसला बघ. सूज न्हाई, ताप न्हाई, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. तुझं औषध लई भारी."

"आत्ता पाय बघ. बूट काढ."

पलीकडे खुडबुड झाली.

"जरा काळा पडलाय गं, घोट्यापतोर. काळं ऑईल लागलं असंल."

"पुसून बघ, सयाजी."

फडक्याने खसाखसा घासल्याचा आवाज आला.

"निघंना झालंय," तो म्हणाला. "पण तू घाबरू नगंस. दुखत तर अजिबात न्हाई."