बोयाने डोळा मारला

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पेणजवळच्या खाडीच्या धक्क्यावर ठेवलेल्या पिवळ्या बोयाला डोळे आले.

बोया पुरुषभर उंच. पाण्यात तरंगत खाडीची भरती, खारटपणा, गढूळपणा टिपायचा आणि नोंदी कॉम्प्युटरवर पाठवायच्या, हे त्याचं काम. कॉलेज, जेट्टीवाली कंपनी आणि मच्छीमार सोसायटी, तिघांचं मिळून हे सागर निरीक्षण केंद्र आज सुरू व्हायचं होतं. व्यवस्थापक मालू भगत. राहणार रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावी; रोज रोह्याहून एसटीने येणारी.

नेहमीचा रंगारी तापाने पडला होता. त्याच्या बदली आलेल्या तरुणाला तिने बोयावर फक्त नंबर घालायला सांगितलं होतं आणि स्वतः समोर बसून यंत्राचे स्क्रू आवळत होती. मान वर केली, तर बोया तिच्याकडे बघत होता.

"हे काय केलंत?"

त्याने बोयाकडे पाहिलं... आणि जीभ चावली.

"आयला! आखले गेले की."

"गेले? आपोआप?"

"मी कान्हू. हमरापूरचा. श्रावण चाललाय ना मॅडम, दिवसभर गणपतीचे डोळेच आखतो. हात नंबर घालायला गेला, आन्—"

"आणि?"

"तुम्ही समोर बसलेल्या."

मालूने स्क्रूड्रायव्हर त्याच्यावर रोखला. "गणपतीला असेच डोळे काढता?"

"नाय. त्याचे शांत असतात."

तिला हसू आलं. तिने ते दाबलं. हसायची सवड नव्हती. दुपारच्या भरतीला बोया पाण्यात गेला नाही, तर केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात जाणार आणि मालूची बदली वेंगुर्ल्याला. बोट सोसायटीची, आणि सोसायटी बोट द्यायला तयार नव्हती.

दहाच्या सुमारास सोसायटीच्या बायजाबाई चार माणसं घेऊन धक्क्यावर उतरल्या. भांडायच्या तयारीनेच आल्या होत्या. बोयासमोर थांबल्या. मग मालूकडे बघितलं, पुन्हा बोयाकडे.

"अगो बाय! हे त तुझेच डोले गो!"

माणसं फिदीफिदी हसली. मालूचे कान तापले. कान्हू रिकाम्या डब्यात काहीतरी ढवळत राहिला.

"कुनी काढले रं? तू व्हय? बघून काढले का आठवून?"

"बघून, मावशी. आठवायला वेळच कुठं मिळाला?"

बायजाबाई पायरीवर बसल्या. "बरं. आता कामाचं. तुमी जागा धरली तिथं आमची जाली लागतात. बोट नाय देनार."

मालूने नकाशा त्यांच्यापुढे पसरला. "तुम्ही दाखवा कुठे चालेल."

बायजाबाईंनी नकाशावर बोट टेकवलं ते पार पलीकडच्या काठाला. मालूने कंपनीच्या साहेबांना फोन लावला. त्यांना बोया जेट्टीजवळच हवा होता.

"साहेब, तिघांचा बोया आहे. ज्याला त्याला दारात हवा असेल तर तीन बोये लागतील."

साहेब कुरकुरले, पण पंधरा दिवसांच्या चाचणीपुरते कबूल झाले. कॉलेजने लगेच होकार दिला. बायजाबाईंनी बोट धक्क्याला लावायला सांगितली.

राहिले डोळे. नियमाने पिवळ्या बोयावर नंबराशिवाय काही नको. मालूने ब्रश कान्हूपुढे धरला.

"माझ्यानं नाय होणार, मॅडम. आखलेले डोळे मी पुसत नाय."

तिने स्वतःच एक डोळा बुजवला. दुसऱ्याला ब्रश टेकवणार, तेवढ्यात खालून, बोटीतून बायजाबाई ओरडल्या, "पानी तुझ्यासाठी थांबनार हाय का गो?"

बोया तसाच बोटीवर चढला; त्याच्याबरोबर मालू, आणि धरायला कान्हू. पाण्यात सोडल्यावर एकदा गर्रकन फिरला... आणि सगळ्या खाडीला डोळा मारत डुलू लागला. बोटीवर हशा पिकला. मालूही हसली, पोट धरून.

परतताना कान्हू तिच्या बाजूला सरकला. इंजिनाच्या आवाजात त्याला जवळ येऊनच बोलावं लागत होतं. निदान त्याने तसं सांगितलं.

"वेंगुर्ला लई लांब हाय."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मावशीनं. मालू... म्हणजे मॅडम... मला ते डोळे रोज बघायचेत. इथंच, पेणला. आईला सांगू?"

मालूच्या मांडीवरच्या स्क्रीनवर आकडे हलले. पाण्याची उंची, खारटपणा, गढूळपणा. "आली! पहिली नोंद आली!" ती स्क्रीन हातात घेऊन उभीच राहिली, बोट हेलकावली, आणि तिने आधारासाठी जो धरला तो कान्हूचा दंड होता.

"मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

"मग?"

"बोयाची पंधरा दिवस चाचणी आहे."

"आन् माझी?"

तिने स्क्रीनवरून नजर उचलली नाही. हातही उचलला नाही.

संध्याकाळपर्यंतची स्थिती अशी: नोंदी तिघांकडेही व्यवस्थित पोचत आहेत. बोयाचा फोटो मुख्य कार्यालयाला मिळाला असून त्यांचं उत्तर आलेलं नाही. रोह्याची साडेसहाची एसटी पेणहून वेळेवर सुटली. मालू तिच्यात नव्हती.