दोन हातांचे ठिपके

पहिल्याच भेटीत तिने त्याच्या गालावर चापट मारली.

तसा तिचा दोष नव्हता. कीटकशास्त्र विभागाच्या जिन्यात, वळणावर, तो अचानक समोर आला. दोन्ही हातांत जाळीचे पिंजरे आणि गालावर बसलेला टपोरा डास! तिचा हात आपसूक उठला... आणि आवाज घुमल्यावर तिला कळलं, आपण एका परक्या माणसाच्या तोंडात वाजवली आहे.

"मारलंत?" तो कळवळला. "अहो, जंगलातून इथवर जिवापाड जपून आणलं होतं!"

"चुकलंच माझं... पण तो चावत होता ना—"

"तो नव्हे, ती. नर चावत नाहीत. बिचारे फुलांचा रस पिऊन गुमान राहतात."

"आणि तुम्ही कशावर राहता?"

"सध्या चापटीवर."

हसू दाबत तिने तळहात उजेडात धरला. "पंख शाबूत आहेत," ती गंभीरपणे म्हणाली. "येईल कामाला."

तो बघतच राहिला. आधी मारून मग पंख तपासणारी मुलगी त्याला नवीनच होती.

विभागात तिला सगळे ठिपकी म्हणत. काम तसंच होतं. डासाचा पंख सुईच्या टोकाने अलगद सोडवायचा, काचपट्टीवर चिकटवायचा, त्याचा मोठा केलेला फोटो पडद्यावर आणायचा आणि पंखातल्या शिरा जिथे जिथे एकमेकींना भेटतात, तिथे तिथे ठिपका द्यायचा. सगळे ठिपके मिळून पंखाचा आकार सांगतात. शहरातल्या टाक्यांत वाढलेल्या डासांचा पंख आणि जंगलातल्या डबक्यांत वाढलेल्यांचा पंख, यांच्या आकारात फरक पडतो का, एवढंच शोधायचं होतं.

"लोक डास मारायला औषध आणतात," आई म्हणायची, "आणि आमची बाई त्यांची मापं घेते. शिंपीण कुठली!"

तो डास गोळा करून आणणारा, म्हणून डासवाला. काम साचत गेलं तशी विभागाच्या मॅडमनी वाटणी करून टाकली. शहरातले पंख ठिपकीकडे, जंगलातले डासवाल्याकडे. टेबलं शेजारी-शेजारी आली. खोलीत स्पिरिटचा वास, पंख्याची घरघर, आणि मधूनच...

"एवढं काय निरखताय?"

"शिरा."

"पडदा तिकडे आहे."

"हो का? तरीच इथे एकही शीर सापडेना."

रोज काम सुरू करण्याआधी ती क्षणभर डोळे मिटून हात जोडायची. एकदा त्याने विचारलंच, "काय मागता हो रोज?"

"मागत नाही. आभार मानते."

"कशाचे?"

"आहे त्याचे." पुढचं तिने मनातच ठेवलं. हल्ली त्या 'आहे'मध्ये शेजारचं टेबलही आलं होतं.

मग निकाल लागला. एकेका पंखाचं एकेक टिंब मांडल्यावर पडद्यावर दोन पुंजके उमटले, एक शहराचा, एक जंगलाचा, एकमेकांपासून चांगले लांब. मॅडम हरखून गेल्या. डासवाल्याला तर याच निकालाच्या जोरावर दूरच्या संशोधन केंद्रात कायमची जागा मिळणार होती.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"हं." तो पिंजऱ्याची जाळी उगाच पुसत होता. "तिकडे डास भरपूर आहेत म्हणे. माणसं... फारशी नाहीत."

तो सामान आवरायला गेला आणि खोली एकदम मोठी वाटू लागली. काहीतरी हातात हवं म्हणून तिने त्याने मोजलेला एक पंख पडद्यावर घेतला. त्याचे ठिपके झाकले, आपले दिले. पंख शहराच्या पुंजक्यात जाऊन बसला! तिने दुसरा घेतला. तोही तिथेच. तिसरा, चौथा... सगळे तिथेच.

मग तिने दोघांचे ठिपके एकावर एक ठेवून पाहिले. शिरा भेटतात त्या बेचक्यात, अगदी आत, ती ठिपका द्यायची. तो द्यायचा बाहेरच्या कडेला. केसाएवढा फरक, पण प्रत्येक पंखावर तोच. पडद्यावरचे पुंजके डासांचे नव्हतेच. एक तिचा हात होता, एक त्याचा. सगळी मोजणी एकाच हाताने करायची, हा या कामातला पहिला धडा, आणि घाईत तिघंही तो विसरले होते.

सांगितलं तर त्याची जागा जाईल. नाही सांगितलं तर खोट्यावर उभी राहील. सांगायला तर हवंच. पण सांगताना मनाच्या तळाशी जे हळूच नाचू लागलं होतं, त्याची तिला लाज वाटली. जागा गेली तर तो इथेच राहील ना...

तिने मॅडमच्या आधी त्यालाच बोलावलं. एकावर एक ठेवलेले ठिपके पडद्यावर दाखवले. त्याने ते वाकून पाहिले, मग खुर्चीत टेकून तो मोठ्याने हसला.

"म्हणजे डास एकसारखे आणि आपणच वेगळे!"

"हसताय काय? जागा जाईल तुमची."

"जाईल," तो उठत म्हणाला. "चला, मॅडमना मीच सांगतो."

मॅडमनी दोघांना यथेच्छ झापलं, मग चष्मा काढून डोळे चोळले. "वाचवलंस गं बाई. चारचौघांत हसं झालं असतं." केंद्रातली जागा दुसऱ्याला गेली. सगळे पंख पुन्हा मोजायचे ठरले, सगळे ठिपकीच्या हाताने. डासवाल्याने काचपट्ट्या पुसून तिच्या हाती द्यायच्या.

तिने मोजणी पुरी केली तेव्हा बाहेर संथ पाऊस लागला होता. फरक निघाला, अगदी थोडा, पण या वेळी तो डासांचा होता. दोघं पडद्यासमोर उभी होती, त्याच्या हातात शेवटची काचपट्टी. आता गप्प राहणं तिला जड झालं.

"एक सांगायचंय. ती चूक तुम्हाला दाखवली ना... ते नुसतं खरेपणासाठी नव्हतं. तुम्ही जाऊ नये असंही वाटत होतं. स्वार्थ होता माझा."

ती खाली बघत राहिली. मग तिने भीत भीत मान वर केली. त्याचे डोळे भरले होते आणि हसतही होते.

"होता ना?" तो म्हणाला. "मग उपकार झाले तुझे! इतके दिवस मी झुरतोय, की हिने नुसत्या खरेपणासाठीच सांगितलं असेल तर माझं काय?"

त्या 'तुझे'वर ती थबकली... आणि ओल्या काचपट्टीसकट त्याचा हात तिने धरला.