ऊन उतरेपर्यंत

मे महिन्यात आमच्या मानेवाड्याच्या घरातून दुपारी कुणी पाय बाहेर काढत नाही. पडदे ओढलेले, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. मामाजी, म्हणजे माझे सासरे चंपतराव, दिवाणावर आडवे आणि त्यांच्या पायाशी भुऱ्या, आमचा कुत्रा.

त्या आठवड्यात कूलरमागून एक आवाज यायचा. कोरड्या ओकारीसारखा. माझ्या नवऱ्याने, ऋषिकेशने, पंप बदलला. आवाज येतच राहिला. भुऱ्या तिकडे बघून कान पाडायचा.

मग एका दुपारी जेवण झाल्यावर तोच आवाज भुऱ्याच्या घशातून निघाला. ओकारी यायची, पडायचं काहीच नाही. पोट ढोलासारखं ताणलेलं, लाळेच्या तारा, हिरड्या पांढऱ्याफटक. मी रामदासपेठेतल्या जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, पोटाला पीळ पडला असेल, असाच उचला आणि निघा.

ऋषिकेश शहराबाहेर मिहानला ड्युटीवर. गाडीची चावी मामाजींच्या उशीखाली. ते उठले, वाटीत हिंग कालवला आणि तान्ह्या पोराला लावतात तसा भुऱ्याच्या बेंबीभोवती गोल लावला.

"ग्यास हाय वं वंदना. ऊन उतरू दे, मंग नेऊ."

"मामाजी, डॉक्टर आत्ताच या म्हणून राहिला."

"अशा उन्हात कुत्र्याले कोन नेते? रस्त्यात तूच पडशील, मंग तुले नेतो का त्याले?"

मरण काय ऊन उतरायची वाट बघतं? पण ते मायेनेच करत होते, तेच मेलं जास्त लागतं. भुऱ्या त्यांचा हिंगाचा हात चाटत होता.

ऊन उतरलं, मामाजींनी गाडी काढली. अर्ध्या रस्त्यात माझ्या मांडीवर भुऱ्याने जीव सोडला.

घरी येऊन मी हिंगाची डबी नालीत फेकली. तेव्हापासून वरणाला फोडणी बिनहिंगाची. मामाजी झोपताना पाय आखडून घेतात, भुऱ्याची जागा सोडून.

आज दुपारी लाइन गेली. कूलर बंद.

तोच आवाज आला.

मागे जाऊन पाहिलं. काहीच नव्हतं.

मामाजी घामाने निथळत होते. एक हात छातीवर दाबलेला.

"मामाजी, उठा. दवाखान्यात चला."

"ग्यास हाय वं. ऊन उतरू दे."

मी उशीखालची चावी ओढली, त्यांना उठवायला बगलेत हात घातला. बनियन वर सरकली.

बेंबीभोवती हिंगाचा गोल, अजून ओला. त्यात चिकटलेला एक भुरा केस.